पाठ लागली नव्हती

पुंडलिक गावंडे दोन्ही गुडघे आणि एक कोपर टेकून खाली होता, आणि मी मोजत नव्हतो.

हे एवढं वाक्य लिहायचं मी चाळीसहून जास्त वर्षं टाळलं. अमरावतीत जुने लोक अजून भेटतात. "मास्तर, तुम्ही त्या बर्मी बॉक्सिंगचे पंच होता ना?" असं विचारतात. मी "होतो थोडे दिवस" म्हणतो आणि माझ्या गुडघेदुखीचा विषय काढतो. बायकोला यातलं अर्धं माहीत होतं. ती गेली. मुलांना काहीच माहीत नाही. आता माझं वय सत्त्याहत्तर आहे आणि हल्ली दुपारी झोपूनही थकवा जात नाही. सांगायचं तर आता सांगितलं पाहिजे.

मी अमरावतीच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होतो. वडील वकील होते. मुलानं वकील व्हावं अशी त्यांची इच्छा होती, मला आखाड्याचा नाद लागला. कुस्ती मला बेताचीच आली, पण नियम पाठ होते, आवाज मोठा होता आणि मी कोणाची बाजू घेत नसे. म्हणून पंच झालो. व्यायामशाळेनं तसं सर्टिफिकेट दिलं होतं. तालुक्याच्या कुस्त्यांच्या दंगलींना मला बोलावत.

साठ सालाच्या आसपास बन्सीधरजी नावाचे एक गृहस्थ शाळेत मला शोधत आले. ते पूर्वी रंगूनला एका तांदळाच्या पेढीवर मुनीम होते. जपान्यांनी रंगून घेतलं तेव्हा हजारो लोकांबरोबर पायी परत आले. तिथं त्यांनी एक खेळ पाहिला होता. हातानं ठोसे मारायचे आणि पायानं लाथाही मारायच्या. हल्ली टीव्हीवर किकबॉक्सिंग दाखवतात, त्याच्या जवळचा. बन्सीधरजींनी त्याला 'बर्मी बॉक्सिंग' नाव दिलं, हातात ग्लोव्हज घातले, तीन-तीन मिनिटांचे राउंड ठेवले आणि कापसाच्या हंगामात अकोला, अमरावती, खामगाव, मूर्तिजापूर असे तिकीट लावून खेळ सुरू केले. लढणारे बहुतेक जुने पैलवान. त्यांना दर लढतीला ठरलेली रक्कम मिळे. आजच्या भाषेत सांगायचं तर ते प्रोफेशनल होते.

परवानगी देताना पोलिसांनी एक अट घातली होती. पंच जाणकार आणि सर्टिफिकेट असलेला पाहिजे.

"मास्टरजी, सर्टिफिकेट आपके पास है," बन्सीधरजी म्हणाले.

"ते कुस्तीचं आहे."

"कागज पे 'पंच' लिखा है ना? बस. नियम मैं लिख के देता हूँ."

त्यांनी खरोखरच एका फुलस्केप कागदावर नियम लिहून दिले. कोपर मारायचं नाही. मिठी मारून पाडायचं नाही. लाथ गुप्तांगावर मारायची नाही. आणि तळपाय सोडून शरीराचा कुठलाही भाग जमिनीला लागला की तो गडी 'डाउन'. दुसऱ्याला लांबच्या कोपऱ्यात पाठवायचं आणि दहापर्यंत मोजायचं. दहाच्या आत उठला नाही तर हरला. उठला तर आधी त्याच्या डोळ्यांत पाहायचं, मग लढत चालू करायची की नाही ते रेफरीनं ठरवायचं.

पहिला खेळ अमरावतीतच झाला. दुसऱ्या राउंडला एकाचा गुडघा टेकला. मी दुसऱ्याला कोपऱ्यात पाठवलं आणि मोजायला लागलो. तीन झाले असतील नसतील, लोकांनी गलका केला.

"अबे मास्तर, मोजून काहून राहिला? पाठ कुठी लागली?"

"बसाले आला काय तो? लढू दे ना त्याले."

"ह्याले कुस्ती समजते का नाई?"

ज्यांनी कुस्ती पाहिली आहे त्यांना हे कळेल. आमच्याकडे माणूस हरतो तो पाठ टेकल्यावर. चीत झाला म्हणजे हरला. गुडघा टेकला, छाती टेकली, तोंड मातीत गेलं, तरी तो हरलेला नसतो. हे आम्ही चालायला लागल्यापासून पाहिलेलं. खेळ संपल्यावर माझे वस्ताद, ज्यांनी मला लंगोट बांधायला शिकवलं, ते पहिल्या रांगेतून उठून माझ्याजवळ आले. म्हणाले, "काय रे, मास्तर झाला म्हून कुस्ती विसरला? गुडघा टेकल्यानं माणूस हारते काय?"

मला त्यांच्यासमोर लाज वाटली. पुढच्या खेळापासून मी गुडघ्याला मोजायचं सोडून दिलं. पाठ लागली तरच मोजू लागलो. लोक खूश झाले. लढती लांबू लागल्या. बन्सीधरजींच्या ते लक्षात आलं. एकदा म्हणाले, "वहाँ तो घुटने पर ही गिनते थे, मास्टरजी." मी म्हणालो, "इथं लोक ऐकत नाहीत." त्यांनी मान हलवली. तिकिटं खपत होती. पुन्हा तो विषय निघाला नाही. फुलस्केप कागद माझ्या ट्रंकेत राहिला. दोन हंगाम मी त्याच पद्धतीनं पंच म्हणून उभा राहिलो आणि कोणाला काही झालं नाही.

इथं जरा थांबून सांगतो, कारण सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर आहे. दहा मोजतात ते हार ठरवायला, असं बघणाऱ्याला वाटतं. ती खरं तर डोक्याला दिलेली सक्तीची विश्रांती असते. डोक्यावर मार बसलेला माणूस उठून उभा राहू शकतो, हात वर धरू शकतो, आणि तरी तो शुद्धीवर नसतो. ते रेफरीनं दहा सेकंदांत ओळखायचं असतं. कुस्तीत गुडघ्यावर आलेला पैलवान बहुधा स्वतःहून आलेला असतो. तो तिथं दम घेतो, डाव शोधतो. या खेळात गुडघ्यावर आलेला माणूस स्वतःहून आलेला नसतो. तेव्हा मला हे कळत नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. मला ते लिहून दिलेलं होतं.

पुंडलिक तेल्हाऱ्याकडचा. घरची काळी जमीन होती, पण भावांत वाटल्यावर त्याच्या वाट्याला थोडीच आली. जत्रेतल्या कुस्त्या करता करता तो बन्सीधरजींच्या नजरेला पडला. उंच, हाडापेरानं मोठा, मांड्या लोखंडासारख्या. सरकीनं भरलेलं पोतं लिंबाच्या फांदीला टांगून तो रोज त्याला लाथा मारी. सरकी दबून पोत्याचा तळ दगडासारखा होई, तेव्हा तो पोतं उलटं टांगी. तीन हंगाम त्यानं हा धंदा केला. धंदाच म्हणायचा. दर आठवड्याला वेगळं गाव, धर्मशाळेत मुक्काम, ज्वारीची भाकर आणि दूध, आणि रविवारी चार वाजता मार खायचा किंवा द्यायचा.

अकोल्याच्या त्या लढतीच्या आदल्या दिवशी तो मला धर्मशाळेच्या ओट्यावर भेटला. पायाला तेल चोळत बसला होता. नडग्या काळ्यानिळ्या झालेल्या.

"काय पुंडलिक, कसं काय?"

"काय सांगू मास्तर. आंग मोडून राहिलं आता. सकाळी उठलो का पयले दाराची चौकट धरा लागते. मंग कुठी गाडी सरकते."

"किती दिवस चालवणार आहेस हे?"

"उद्याची आखरी." तो हसला. "जिनिंगमधी नोकरी लागून राहिली. गेटवर जमादार. पक्की. कोटर भेटन म्हणे, दोन खोल्या. नळ आंगणात हाय. वच्छला तं मी घरून निघालो तवा म्हणे, आता माह्या डोक्यावरचा हांडा उतरला म्हून."

वच्छला त्याची बायको. ती गावीच होती.

"नोकरी ठरली आहे, मग उद्या कशाला लढतोस?"

"शेठले जबान देली ना. अन् मॅनेजरसायेब पाहाले येनार हायेत. त्याहिले दाखवतो, कसा जमादार भेटून राहिला तं."

रविवारी कापूस बाजाराच्या मोकळ्या आवारात खेळ होता. बांबू रोवून दोर बांधलेले, खाली वाळू, वर पोती आणि त्यावर ताडपत्री. पुंडलिकसमोर डेव्हिड होता. कामठीच्या छावणीतून निवृत्त झालेला शिपाई, मूळचा मद्रासकडचा. फौजेत रीतसर बॉक्सिंग शिकलेला. कमी बोलणारा, सभ्य माणूस. लढतीआधी त्यानं मला विचारलं होतं, "साब, काउंट कैसे करते हैं यहाँ?" मी म्हणालो, "पीठ लगने पर." त्यानं भुवया उंचावल्या.

पहिले दोन राउंड पुंडलिकचे. त्याच्या लाथा डेव्हिडच्या मांडीवर बसत होत्या आणि दर लाथेला लोक ओरडत होते. तिसऱ्या राउंडला पुंडलिकनं हात थोडा खाली सोडला. दमला होता. डेव्हिडची उजवी लाथ उंच आली आणि डाव्या कानाखाली बसली. आवाज फार मोठा नव्हता. पुंडलिक गुडघ्यांवर आला, मग एक कोपर टेकलं. मान खाली.

डेव्हिड स्वतःहून मागं सरकून कोपऱ्यात गेला. तिथून म्हणाला, "रेफरी साब, गिनिये."

लोक ओरडत होते. "पाठ नाई लागली. ऊठ रे पुंडलिक, ऊठ."

मी मोजलं नाही. मी म्हणालो, "चालू."

पुंडलिक उठला. हात वर घेतले. आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला. डेव्हिड त्याच्या पाठीमागं होता. समोर नुसता दोर आणि दोरापलीकडे माणसं. तो त्या दोरासमोर लढायच्या पवित्र्यात उभा होता.

डेव्हिडनं हात खाली सोडले. "साब, ये मुझे देख नहीं रहा है."

कुस्तीत जोडी लढता लढता आखाड्याच्या कडेला गेली की पंच दोघांना धरून मधे आणतो आणि पुन्हा लावतो. ते काम मी शेकडो वेळा केलं होतं. मी पुढं झालो, पुंडलिकला दोन्ही खांद्यांना धरलं आणि त्याला डेव्हिडकडे वळवलं. वळवताना त्याचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. डोळे उघडे होते. त्यात मी नव्हतो, कोणीच नव्हतं. ते मला दिसलं. मी बाजूला झालो आणि म्हणालो, "लढो."

डेव्हिड क्षणभर थांबला. पुंडलिक त्याच्या अंगावर चालून गेला. सवयीनं पाय उचलले जात होते, बस. डेव्हिडनं पुन्हा मारलं. पुंडलिक उताणा पडला. डोकं ताडपत्रीवर आपटलं.

तेव्हा पाठ लागली. तेव्हा मी मोजलं. दहापर्यंत, नीट, मोठ्या आवाजात.

त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. डावा कान गेला होता. उभं केलं की नावेत उभा असल्यासारखा डुलायचा. आणि त्या आठवड्यातलं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. अकोल्याला आल्याचंसुद्धा नाही.

डेव्हिड कामठीला परत जाण्याआधी मला स्टेशनवर भेटला. हातात पिशवी होती. म्हणाला, "साब, एक बात पूछूँ? आपने उसको घुमाया क्यों?"

उत्तरासाठी तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यावरून निरोप आला. पंचाचा लेखी रिपोर्ट पाहिजे. त्याच दिवशी अमरावतीहून हेडमास्तरांची चिठ्ठी आली, बाहेरचं काम करायला शाळेची परवानगी घेतली होती का, याचा खुलासा करावा. घेतली नव्हती. माझी नोकरी तेव्हा अजून कायम झालेली नव्हती. मोठी मुलगी दीड वर्षाची होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगतो.

बन्सीधरजी धर्मशाळेत माझ्यासमोर बसले. ते वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते.

"मास्टरजी, लिखने में क्या है. आपने रोका, वो माना नहीं. पहलवान आदमी, जोश में आ गया."

"मी रोखलं नव्हतं."

"पाँच सौ लोगों ने देखा, आपने उसको कंधे से पकड़ा. किस लिए पकड़ा, ये किसको मालूम है?"

मी कोरा कागद जवळ ओढला.

"आणि कान?" मी विचारलं.

"कान तो हर पहलवान का टूटा रहता है. पहले से खराब था, बताया नहीं. खतम."

कान मोडणं म्हणजे आखाड्यात घासून घासून कानाची पाळी सुजून गाठोड्यासारखी होणं. पैलवानाची ती ओळख असते. पुंडलिकचे दोन्ही कान मोडलेले होते. ऐकायला त्याला उत्तम यायचं. पण रिपोर्ट वाचणाऱ्याला ते कुठून कळणार.

वकिलाच्या घरात वाढल्यामुळे अर्ज कसा लिहावा हे मला शिकवावं लागलं नाही. मी लिहिलं, 'सदर खेळाडूस पंचाने थांबण्याची सूचना दिली व खांद्यास धरून अडविले असता त्याने ती मानली नाही. तसेच त्याच्या डाव्या कानास पूर्वीपासून दुखापत होती व ती त्याने पंचापासून लपविली, असे दिसून येते.' अक्षर चांगलं होतं. एकही खाडाखोड नाही. खाली सही केली.

चौकशी तिथंच संपली. हेडमास्तरांनी मला समज दिली आणि पुढच्या वर्षी मी कायम झालो.

एक प्रयत्न मी केला, तोही सांगतो. महिनाभरानं मी अकोल्याला जाऊन जिनिंग फॅक्टरीच्या मॅनेजरांना भेटलो. पुंडलिकची नोकरी तेवढी वाचावी, असा विचार होता. मॅनेजर सरळ माणूस होते. त्यांनी मला खुर्ची दिली.

"मास्तर, कान गेला म्हणून मी त्याला नाही म्हटलं नाही," ते म्हणाले. "वजनकाट्यावर बसून करायचं काम दिलं असतं. एका कानानं ऐकू येतं की."

"मग?"

"मग तुमचा रिपोर्ट वाचला. फौजदारसाहेबांनी दाखवला. दुखणं लपवतो, पंचाचं ऐकत नाही, असा माणूस मी कापसाच्या गंजीवर कसा ठेवू? उद्या कोणी बिडी पेटवली आणि हा बोललाच नाही तर?"

"माणूस चांगला आहे हो."

"असेल." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी त्या दिवशी लांब बसलो होतो. पण तुम्ही त्याला धरलेलं मी पाहिलं. अडवतच होता ना?"

रिपोर्ट लिहिताना समोर कागद होता. आता समोर माणूस होता, आणि तो मला सरळ विचारत होता. नाही म्हणालो असतो तर पुंडलिकला वजनकाटा मिळाला असता, क्वार्टरही मिळालं असतं.

मी म्हणालो, "हो."

"बघा मग," ते म्हणाले आणि चहा मागवला. मी तो प्यायलो.

त्यानंतर मी पंचाचं काम सोडलं. कुस्तीचंही सोडलं. लोकांना सांगितलं, गुडघा धरतो. बन्सीधरजींचे खेळ त्या हंगामानंतर बंदच झाले. ते पुढं बऱ्हाणपूरकडे गेले असं ऐकलं. पुंडलिक गावी भावाकडे राहायला गेला, हेही ऐकलं. तेल्हारा अमरावतीपासून काही फार लांब नाही. जायचं ठरवायचो. परीक्षा यायच्या, क्रीडामहोत्सव यायचे, घरात आजारपण यायचं. खरं सांगायचं तर यातलं काही नसतं तरी गेलो नसतो.

पाच-सहा वर्षांनी शाळेच्या खो-खोच्या टीमबरोबर मला तेल्हाऱ्याला जावं लागलं. सामने संपले. टीम दुसऱ्या शिक्षकांबरोबर परत पाठवली आणि मी चौकशी करत पुंडलिकच्या गावी गेलो. वाटेत मनात वाक्य जुळवत होतो. साधंच होतं. 'पुंडलिक, तू चुकला नव्हतास. मी मोजलं नाही, आणि मग खोटं लिहिलं.'

तो भावाच्या घरासमोर अंबाडीचा दोर वळत बसला होता. पाठीला भिंतीचा आधार. अंग सुटलं होतं. मला पाहून तो भिंतीला धरून हळूहळू उठला.

"मास्तर? तुमी? इकून कुठी?" मग उजव्या कानाकडे बोट केलं. "इकळल्या बाजूनं या जी. हाच एक चालू हाय."

मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो. त्यानं आत हाक मारली. "वच्छले, चा ठेव. माहे पंच आले."

वच्छला दारात आली. तिनं मला पाहिलं, नमस्कार केला. "आले म्हना शेवटी," म्हणाली आणि आत गेली.

आम्ही पावसाबद्दल बोललो, कापसाबद्दल बोललो. दोर वळून त्याचे हात खरबरीत झाले होते. "बसून होते तेवढं करतो. चालाले गेलो का दारू पेल्यावानी दिसतो. नवा माणूस हासते. हासू द्या." मग तो हात थांबवून म्हणाला, "मास्तर, तुमाले एक गोष्ट सांगाची होती. बरं झालं आले."

"काय?"

"मले तं त्या दिवसाचं काईच आठवत नाई. लय जोर लावला, नाई आठवत. मंग मॅनेजरसायबानं तुमचा कागद वच्छलेले वाचून दाखवला. तवा मले समजलं, मी काय करून ठेवलं तं." तो खाली पाहत होता. "तुमी धरून थांबवून राहिले, अन् मी आयकलं नाई. भर आखाड्यात पंचाचा शब्द मोडला. आमच्या घराण्यात असं कोनी केलं नाई, मास्तर. कानाचं म्हनान, तं मले वाटे कान चांगला होता. पन तुमी लिवलं म्हनजे असंन काई. मीच लपवलं असंन, नोकरीपायी."

त्यानं हातातल्या दोराचा पीळ घट्ट केला.

"माह्यापायी तुमाले शाळेत बोलनं खा लागलं म्हनते. पंचाचं काम सोडा लागलं. हे मनातून जात नाई. इथं गावातल्या पोट्ट्यायले दोन डाव सांगतो बसल्या बसल्या, तवा पयले हेच सांगतो, बापहो, पंचाचं आयकत जा, नाई तं माह्यासारकं होईन."

त्यानं दोर बाजूला ठेवला आणि माझ्याकडे वळून हात जोडले.

"चुकलं माहं. माफ करा, मास्तर."

वच्छला चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते मला कधी कळलं नाही.

यानंतर पुंडलिक दहा-बारा वर्षं जगला. तो गेल्याचं मला उशिरा कळलं. वच्छलाबाई पुढं कुठं गेल्या, पत्ता लागला नाही. म्हणून जे सांगायचं ते इथं लिहून ठेवतो. पुंडलिक गावंडेनं पंचाचा शब्द मोडला नाही. त्याला थांबायला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या कानाला आधी काही झालेलं नव्हतं. खांद्याला धरलं होतं ते अडवायला नव्हे, मारापुढं उभं करायला. रिपोर्टातली दोन्ही वाक्यं खोटी आहेत आणि ती माझी आहेत. या धंद्यात राहून मी एवढंच शिकलो की दुसऱ्या खेळाचा नियम लागू करताना आधी तो कशासाठी होता ते विचारावं. लोक ओरडतात म्हणून नियम बदलला, तर त्याचं जे होईल ते लोकांना भोगावं लागत नाही.

हे शहाणपण त्याच्या दारात बसलो होतो त्या दिवशीही माझ्याकडे होतं. जुळवलेलं वाक्य तोंडात होतं. पुंडलिक हात जोडून माझ्या बोलण्याची वाट पाहत होता, चांगला कान माझ्याकडे करून.

मी म्हणालो, "असू दे, पुंडलिक. झालं गेलं."

त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. मग मी चहा घेतला आणि पाचची एस.टी. धरली.